येळवशीची साक्ष

१

खोटं कशाला सांगू? पेवात माणूस मरून पडलाय म्हणून गावात बोंब उठली, तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं की बरं झालं, इरम्मा मेली. मग कळलं, इरम्मा नव्हे, अण्णाराव. तर मी चक्क खट्टू झाले. बाईमाणसानं असलं बोलू नये, पण मी पहिल्यापासनं जळकीच. आमची आई म्हणायची, महानंदेच्या पोटात चूल पेटलेली असते, वर नुसती भाकरी टाकायची बाकी.

जर्मनची लढाई थांबली त्या सालची गोष्ट. आमची चिंचवाडी नळदुर्गापासून चार कोसांवर. आदल्या दिवशी येळवस झाली होती. मार्गशीर्षातल्या त्या अवसेला गावात चिटपाखरू राहत नाही. ज्याच्या त्याच्या रानात कडब्याची कोप उभी राहते, तिच्यात पांडव पुजायचे, आणि आंबील, भज्जी, उंडे घेऊन दिवसभर रानातच बसायचं. ज्याला रान नाही तो दुसऱ्याच्या कोपीत जेवतो, हिंदू-मुसलमान कोणी बघत नाही. पोरं तर सकाळी एका कोपीत आणि दुपारी तिसऱ्याच. कुणाचं पोर कुठं जेवलं हे त्या दिवशी कुणी विचारत नाही.

अण्णाराव तेवढे घरी राहिले होते. सत्तरीचा म्हातारा, गुडघे धरलेले, पण तोंड अजून चाबकासारखं. त्यांची विधवा सून धुरपदाबाई पोरं घेऊन रानात गेली. सांजेला परतली तर सासरा ओट्यावर नाही. कुणी गाडी पाठवून आपल्या कोपीत नेला असेल, मुक्काम करतील, असं धरून ती गप्प राहिली.

सकाळी तिला मागच्या अंगणात पेवाचा दगड सरकलेला दिसला. जमिनीत दोन पुरुष खोल खणलेलं, शेणानं लिंपलेलं धान्याचं पेव ते, वर दगडी झाकण. जोंधळा संपून ते केव्हाच रिकामं झालेलं. तळाशी अण्णाराव पडले होते, मान मोडून. काठी वर अंगणात. दगड अर्ध्या तोंडावर आलेला आणि त्याच्याखाली मुसळ आडवं.

"अवसेला पेव कोण उघडतं?" धुरपदाबाई रडत विचारत होती. "घरातली लक्ष्मी जाती! कुणीतरी उघडलंय, कुणीतरी ढकललंय त्यांना!"

तेवढ्यात उत्तरेश्वर गुरव पुढं आला. देवळात दिवा लावायचा म्हणून हा काल गावात राहिला होता. तो म्हणाला, काल दुपारी ह्या बोळातनं एक माणूस उघड्या डोक्यानं पळताना मी पाठमोरा बघितला.

त्यानं नाव घेतलं ते आमच्या धन्याचं.

२

धन्याचं नाव मी घेत नाही. गाव त्यांना बलभीम म्हणायचं. ह्या जगात एकच बाई त्यांना "बल्या" म्हणायची, ती इरम्मा. आता तुम्हीच सांगा, मी ज्या माणसाचं नाव जिभेवर आणू शकत नव्हते, त्याला ती भर रस्त्यात "ए बल्या" अशी हाक मारायची आणि हेसुद्धा "काय गं इरे" म्हणून थांबायचे. चूल पेटणार नाही तर काय?

ती दोघं आणि चाँदपाशा, अशी तिघं लहानपणी अण्णारावांकडं शेरडं राखायला होती. सात-आठ वर्षांची असतील. एका भाकरीचे तीन तुकडे करून खायची म्हणे. पुढं चाँदपाशा नळदुर्गाला पोलिसात जमादार झाला. इरम्मा लग्न होऊन आळंदकडं गेली आणि तीन वर्षांपूर्वी विधवा होऊन परत आली. अण्णारावांच्या घरामागच्या बोळात खोली घेऊन ती गोधड्या शिवायची.

आली ती आली, आणि माझी पोरगीच काढून घेतली हो! आमची कमल, आठ वर्षांची, एकुलती एक. सकाळ झाली की इरम्माकडं. घरी यायची ती कानडी गाणी म्हणत यायची. मी एकदा घातलेला टाका बघून म्हणाली, "आई, इरम्मामावशीचा टाका लई बारीक असतो." त्याच दिवशी मी ठरवलं. दिवाळी झाल्यावर तिला अण्णारावांच्या घरी ठेवली. धुरपदाबाईच्या हाताखाली दिवसभर राहील, मोठ्या घरची रीत शिकेल. धनी म्हणाले, "तिथं नको." का, ते काही सांगेनात. मी म्हटलं, "इरम्माकडं चालतं, तिथं चालत न्हाय व्हय?" ते उठून बाहेर गेले. मी उमरग्याकडची, ह्या गावातलं जुनं मला काय ठाऊक?

तर त्या सकाळी नळदुर्गाचे अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे फौजदार, आले. हैद्राबादी माणूस, मराठी समजायचं पण बोलताना अडखळायचे. संगं जमादार म्हणून चाँदपाशाच. त्यांनी धन्याला चावडीत उभं केलं.

"कल दोपहर को किधर था?"

"रानात."

"फेटा किधर है?"

धन्याचा हात उघड्या डोक्याकडं गेला आणि खाली आला. अमीनसाहेबांनी पेवावरचा दगड बघितला होता. दोन माणसांचं काम, आणि गावात तो एकट्यानं उचलणारा एकच गडी, तो समोर उभा.

"कल दोपहर तक बोल दे," साहेब म्हणाले. "नहीं तो ठाणे में. खून का मामला है, फाँसी होती."

चावडीच्या खोलीला कडी लागली. मी घरी आले. कमल काल सांजेपासनं तापानं फणफणलेली. धनी तिला खांद्यावर घेऊन घरी आले होते, म्हणाले, ऊन लागलंय, धुरपदाबाईच्या कोपीतनं आणली. मी इरम्माचीच नजर लागली म्हणून मिरच्या उतरवल्या होत्या.

आणि आता मला फेटा आठवला. काल दुपारी धनी आंबिलीचा लोटका घेऊन रानातनं गेले तेव्हा डोक्याला फेटा होता. परत आले तेव्हा नव्हता. लोटका कुणासाठी होता हे मला सांगायला कुणी नको. दरवर्षी ते आंबील तिलाच नेऊन देतात, रान नाही ना बिचारीला!

मी पदर खोचला आणि बोळात गेले. इरम्माच्या खोलीत दोरीवर धुतलेला फेटा वाळत होता.

३

"भवाने!" मी दारातनंच सुरू केलं. "नवरा चावडीत कोंडलाय आणि त्याचा फेटा तुझ्या दोरीवर? फाशी होईल त्याला, तरी तुझं तोंड उघडत न्हाय?"

इरम्मा गोधडी शिवत बसली होती. उठली नाही. हडकुळी बाई, डोळे सुजलेले. "म्या काय बोलू, महानंदा," एवढंच म्हणाली.

मी फेटा ओढून घेतला. घेतला आणि हाताला गाठ लागली. एका टोकाला फेर केलेला आणि त्याला गाठ, मोटेच्या नाड्याला मारतात तशी, ओढलं तरी न सरकणारी. वजनानं अशी आवळलेली की धुऊनसुद्धा सुटली नव्हती. कापायचं धाडस तिला झालं नसेल.

हेव्यानं जळणारी बाई काय करते? मोजते. मी तो फेर हातात धरून तिच्याकडं बघत राहिले. हिच्या कमरेला बांधला असेल? कशाला? विहिरीत उतरवली का हिला? फेर तिच्या अंगाला लावून बघितला. तिच्या खांद्यांतनं तो खाली जाईना. इतकी हडकुळी, तरी जाईना. मग अण्णारावासारख्या आडव्या माणसाचा तर प्रश्नच नाही.

फेट्याच्या घडीत भुस्सा अडकलेला होता, जोंधळ्याचा जुना, काळा पडलेला. तसला भुस्सा विहिरीत नसतो. पेवाच्या तळाशी असतो.

"पेवातनं कुणाला काढलं?" मी विचारलं.

इरम्मानं सुई बोटात टोचून घेतली. रक्त आलं तरी बघितलं नाही.

"चाँदला विचार," म्हणाली. "पेव काय असतंय ते."

४

चाँदपाशा चावडीमागं लिंबाखाली बसला होता. मला बघून उठला. "वैनी, तुमी इथं नका येऊ."

"चाँदभावजी, येळवशीला दिवसभर तुम्ही माझ्या कोपीत जेवत बसला होता. तुमच्यावर माझा संशय न्हाय. पण तुम्हाला कळलंय कुणी केलं ते. सकाळपासनं तुम्ही माझ्याकडं बघत न्हाय."

तो परत खाली बसला. मग बोलायला लागला तेव्हा जमादार राहिला नव्हता, शेरडं राखणारा पोर झाला होता.

"शेरडू हरवलं की अण्णाराव पेवात घालायचा. दोरीनं सोडायचा आणि वर दगड. कधी सांजेपर्यंत. एकदा दोन दिवस. तीन वर्सं चाललं हे वैनी. माझी अम्मी जैनबबी तिथंच भांडी घासायची, तिला सांगितलं तर म्हणायची, मालक हाय बेटा, सबर कर. आत कोण असंल त्याला बाहेरचे दोघं चोरून दगड फटीएवढा सरकवून भाकर टाकायचे. दगड आमाला हालायचा न्हाय. मग इरीनं युगत काढली, दगडाखाली मुसळ घालायचं. मुसळ गरागरा फिरतंय, दगड आपोआप सरकतो."

धनी रात्री कधी दार लावून झोपत नाहीत. भर थंडीत दार सताड. मी किती भांडले होते त्यावरून.

"म्हणजे मुसळ कुणी घातलं ते तुम्ही बघताक्षणीच ओळखलं," मी म्हटलं.

"तिघांपैकी कुणीतरी, एवढं ओळखलं."

"तिघं कशाला? तुम्ही माझ्या कोपीत. धन्याला मुसळ लागत न्हाय, ते हातानं दगड उचलतात. उरली कोण?"

चाँदपाशानं मान खाली घातली.

"आणि तो अर्धा दगड," मी बोलतच होते, मला थांबवेना. "ज्याला जीव घ्यायचा तो पेव पुरतं झाकंल. ज्याला अपघात दाखवायचा तो उघडं ठेवंल. अर्धं कोण ठेवतं, भावजी? झाकायला घेतलं आणि हात थांबला, असं कुणाचं होतं? जो स्वतः आत बसलाय त्याचं."

मी जिंकले होते. इरम्मा माझ्या मुठीत होती. अमीनसाहेब आत बसलेले, दहा पावलांवर. एक शब्द टाकला की धनी सुटणार आणि ती कायमची जाणार. खरं सांगते, मला तेव्हा हसू येत होतं.

पण तो फेर. तो कुणाच्या अंगाचा, ते अजून कळलं नव्हतं, आणि मला ते कळल्याशिवाय राहवत नव्हतं.

५

धुरपदाबाईकडं गेले ती सांत्वनाचं निमित्त करून. बाई भिंतीला टेकून बसली होती. मी म्हटलं, "काल तुमच्या कोपीत कमलला ऊन लागलं, ताप उतरंना बघा."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "आमच्या कोपीत? कमल तर तुमच्याकडं गेली हुती न्हवं? सकाळी म्हणली, आईच्या रानात जाते."

"आमच्याकडं कुठं आली? मला वाटलं तुमच्याकडं हाय."

येळवशीला हे असंच होतं. मी धरून बसले ती त्यांच्या कोपीत, ती धरून बसली आमच्या. पोर कुठंच नव्हती. पोर ह्या घरातच होती, म्हाताऱ्याजवळ.

धुरपदाबाईनं तोंडावर पदर घेतला. "माझ्या थोरल्यालाबी एकदा घातला हुता," ती पुटपुटली. "सख्ख्या नातवाला. मी कुणाला सांगू?"

मी घरापर्यंत कशी आले ते आठवत नाही. कमल अंथरुणात जागी होती, दिव्याकडं बघत. तिचा सदरा वर केला. दोन्ही काखांखाली लाल वळ, बोटभर रुंद, फेट्याच्या कापडाचे.

"कुणी घातलं तुला पेवात?"

तिनं आधी दाराकडं बघितलं. "आजोबांनी. ते म्हणले, रानात जाऊ नगं, पाय दाब. माझ्या हातनं आंबील सांडली. मग दोरीनं आत सोडलं आणि पहारीनं दगड रेटला." मग रडायला लागली. "आई, बानं सांगितलं, आईला बोलू नगं. तिनं तुला तिथं ठेवली, तिला कळलं तर ती जीव देईल."

ह्या एका वाक्यानं माझा सगळा हिशेब उलटा केला. मला वाटत होतं, धनी तिच्यासाठी गप्प आहेत. ते फासावर जायला निघाले होते ते माझ्यासाठी.

इरम्मा माझ्या मागोमाग आली होती. उंबऱ्याशी उभी राहून तिनं सांगून टाकलं. बोळातनं तिला पोरीचं रडणं ऐकू आलं. म्हातारा ओट्यावर घोरत होता. हिनं मुसळ घालून दगड सरकवला, पण पोरीपर्यंत हात पोचेना. तेवढ्यात धनी आंबील घेऊन आले. फेटा सोडून पोर वर काढली आणि तिला उराशी धरून इरम्माच्या खोलीकडं पळाले, ते गुरवानं बघितलं. कमल हिच्या खोलीत सांजेपर्यंत पडून होती.

"बल्या पोरीला घिऊन गेला, म्या मुसळ काढाय मागं राहिले, आन् म्हातारा उठला," इरम्मा म्हणाली. "काठी घिऊन आला. म्हणला, पोर काढली व्हय, तर तू जा आत. पंचवीस वर्सं झाली महानंदा, पर म्या तिथंच आठ वर्सांची झाले. काठी धरून ढकललं. दगड लावाय घेतला. पुरता लावाय हात धजंना. आतला अंधार मला ठाऊक हाय." तिनं डोळे पुसले. "सकाळीच जाणार हुते चावडीत. बल्या म्हणला, पोरीचं नाव निघंल, तू थांब. आता थांबत न्हाय. म्या जाते आन् सांगते."

जा म्हणायला माझी जीभ शिवशिवली. देवाशप्पथ शिवशिवली. माझ्या हातानं घातलेली पोर हिच्या हातानं निघाली, ह्या उपकाराचाही मला हेवा वाटत होता. मी का नव्हते तिथं? माझ्या पोरीनं पेवातनं हाक मारली ती हिनं का ऐकली?

"बस खाली," मी म्हटलं. "तू एक अक्षर बोलायचं न्हाय. उद्या मी बोलणार."

६

दुसऱ्या दिवशी दुपारी चावडीसमोर गाव गोळा झालं. धन्याला बाहेर आणलं. मी पुढं झाले.

"साहेब, माझा नवरा सांगत न्हाय कारण त्याला लाज वाटती. मी सांगते. परवा तो माझ्या देखत ह्या इरम्माला जेवायला बोलवाय निघाला. मी त्याचा फेटा हिसकावून घेतला आणि म्हटलं, जा असाच. तर गेला की हो उघड्या डोक्यानं! पळत गेला, पळत आला, हिला घेऊन. मग सांजेपर्यंत ही माझ्या कोपीत, आणि सांजेपर्यंत आमची भांडणं. फेटा मी तिच्या तोंडावर फेकला, तो अजून तिच्याच घरी हाय."

लोक हसायला लागले. धनी माझ्याकडं असे बघत होते की जणू मी नवी कोणी बाई आहे.

"हा चूप का राहिला?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"बायकोनं फेटा हिसकावला, हे चार माणसांत कुठला गडी सांगंल, साहेब?"

आता तर साहेबांच्या मिशीतसुद्धा हसू आलं. पण माणूस हुशार. त्यांनी गुरवाला पुढं बोलावलं. "ये औरत झूट तो नहीं बोलती? इस इरम्मा को बचाने?"

"इरम्माला? ही?" उत्तरेश्वर गुरवाला ठसका लागला. "साहेब, ही बाई इरम्माच्या सावलीला शिव्या घालती. पाणवठ्यावर हिच्या तोंडी दुसरं नाव न्हाय. इरम्मा बुडत असंल तर ही वरनं धोंडा टाकंल. हिनं सांगितलं की इरम्मा हिच्या कोपीत हुती, तर हुती!"

सगळ्या गावानं माना हलवल्या. तीन वर्षांच्या माझ्या जळक्या तोंडाची अशी साक्ष निघाली.

साहेबांनी जमादाराकडं बघितलं. चाँदपाशा पुढं झाला. "मी तिथंच जेवत होतो, साहेब. भांडण माझ्या समोरचं हाय. दोस्त हाय माझा, त्याची बाजू घेतली असं दिसू नये म्हणून काल बोललो न्हाय."

"फिर वो पेव किसने खोला?"

ह्याचं मात्र मी काही ठरवून आले नव्हते. तेवढ्यात मागं बसलेली धुरपदाबाई उठली. कधी चावडीची पायरी न चढलेली बाई, डोक्यावरचा पदर दातात धरून बोलली.

"मामंजींनी. त्यांना अवस-पुनव नव्हती. मुसळ घालून दगड सरकवायचे, कधीबी. पोरांना आत घालाय." एवढं बोलून ती मटकन खाली बसली. गावातल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं नाही. त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं, पंचवीस वर्षं.

अमीनसाहेबांनी दौत पुढं ओढली. मग कागदावर लिहिलं, तोल जाऊन मौत. उठता उठता त्यांनी मला विचारलं, "इस औरत से तेरी दुश्मनी है?"

"हाय," मी म्हटलं. "आजबी हाय."

सबंध साक्षीत तेवढंच खरं होतं.

घरी येताना धनी माझ्या पुढं चालत होते. बोळाच्या तोंडाशी थांबले. "तुला कळलं तर," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "कळलं. मीच ठेवली होती, मीच. आता जन्मभर तेच घेऊन जगायचंय. तुम्ही गप्प राहून ते कमी होणार होतं व्हय?" रस्त्यातच बसून मी रडले. ते शेजारी बसले. चार माणसं बघत होती, बघू देत म्हटलं.

कमलचा ताप उतरला होता. भाकरी थापायला बसले आणि तिला सांगितलं, "जा, इरम्मामावशीला जेवायला बोलव."

पोरगी दोन दिवसांत पहिल्यांदा उठली आणि अशी पळत सुटली की माझं काळीज जळलं. जळायचंच ते. मी चौथं ताट मांडलं.